पिकअपचं नाक दोन इंच वर

माझी पिकअप रिकामी असली की नाक खाली आणि बूड वर करून उभी राहते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कुणाची तरी अंगठी पडलीय आणि ही ती शोधतीय. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन, ज्याला मी तीन वर्षांत एकदाही खुर्चीवरून उठलेला पाहिलेला नाही, तो मला म्हणाला, "भाऊ, गाडी रोज वाकून नमस्कार करते का काय आम्हाला?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही ओ, तुमच्या खुर्चीला. तिचे हाल बघवत नाहीत तिला." त्या दिवशी माझा गेटपास पाऊण तास त्याच्या रजिस्टरखाली सापडत नव्हता.

गाडीची ही दशा मी माझ्याच हातानं केलेली. चिंचवडच्या एका वर्कशॉपमधून दाबलेल्या पत्र्याचे पार्ट उचलायचे आणि चाकणच्या कंपनीत नेऊन टाकायचे, हे माझं काम. पार्ट लोखंडी जाळीच्या पेट्यांत असतात, त्यांना बिन म्हणतात. चार बिन घातले की गाडी सुखात चालायची. सहा घातले की मागची बॉडी टायरला टेकायची आणि रबर जळल्याचा वास थेट भोसरीपर्यंत जायचा. मग सगळे करतात तेच मी केलं. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींत दोन-दोन लोखंडी पाटे जादा घातले. आमच्या पट्ट्यात पिकअप घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात नारळ फोडतो, मागच्या फाळक्यावर पोरांची नावं रंगवून घेतो आणि पाटे वाढवतो. सहा बिन भरले की गाडी आता टेबलासारखी सपाट उभी राहते. चहाचा कप ठेवला तर हलणार नाही. पण माल टाकून परत येताना गाडी रिकामी असते, म्हणजे निम्मा दिवस ती रिकामीच पळते, हे पाटे घालताना आजवर एकाच्याही डोक्यात आलेलं नाही. माझ्याही नाही.

नाक खाली असलेल्या गाडीत माणूस सीटवर बसत नाही, सीटवरून घसरत असतो. दिवसभर. मी स्टेअरिंग धरतो ते गाडी वळवायला कमी आणि स्वतःला काचेतून बाहेर पडू न द्यायला जास्त. त्यात चाकणचा चौक. एकदा तिथं असा अडकलो की शेजारच्या ट्रकमधल्या कांद्यांना माझ्या डोळ्यांदेखत कोंब फुटले. ट्रकवाल्यानं त्यातले चार मला भाजीला दिले, हे खोटं आहे, पण कोंब फुटले होते. अशा तीन फेऱ्या झाल्या की संध्याकाळी मी गाडीतून उतरतो तो गाडीच्याच आकाराचा होऊन. बायको म्हणते, "अहो, सरळ उभे राहा, पाव्हणे आलेत." मी म्हणतो, "सरळच उभा आहे. घर वाकडं झालंय."

हे पाव्हणे म्हणजे बहुतेक वेळा तिचाच भाऊ, माझा मेव्हणा. हा पुनावळ्याचा. त्याच्या वाडवडिलांच्या उसात आता चौदा मजली इमारती उगवल्यात, त्यामुळे त्याला वेळ भरपूर. त्याच्याकडेही पिकअप आहे, पण काळी, चार दारांची, आमच्या कालवडीएवढ्या उंच टायरांची. तिनं आजवर वाहिलेला सगळ्यात जड माल म्हणजे तुळशीची कुंडी. तीही परत न्यावी लागली, कारण गाडी सोसायटीच्या पार्किंगच्या छताला लागत होती आणि कुंडी वरच्या वर अडकली.

"दाजी," तो एका रविवारी आमच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "तुमची गाडी बघूनच माझी कंबर दुखते राव. लेव्हलिंग किट टाका."

"ते काय असतं?"

"पुढच्या स्प्रिंगवर जाड लोखंडी चकत्या बसवायच्या, बोल्ट लांब टाकायचे. पुढून गाडी दोन इंच वर. एकदम लेव्हल! मी टाकलंय की."

"तुझी तर आधीच एवढी उंच आहे, की तुला खाली यायला विमानतळाची परवानगी लागते."

"चेष्टा सोडा. एका सकाळचं काम. कंबर सुटेल तुमची."

कंबर सुटेल हे दोन शब्द त्यानं असे टाकले, की मला रात्री ते स्वप्नात ऐकू आले. बायकोनंही मान डोलावली. पडवीत बसून आमचे वडील, आबा, कांदे निवडत होते. कान मात्र इकडेच होते. त्यांना दोन हातांवरून मारलेली हाक ऐकू येत नाही, पण कुणी त्यांच्या गाडीबद्दल बोललं की पुनावळ्याहूनही ऐकू येतं.

त्यांच्या गाडीबद्दल, असं मी मुद्दाम म्हटलं. कागदावर गाडी माझी. पण बाजाराच्या दिवशी माझी पहिली फेरी ही आबांची असते. घरचा कांदा असला तर कांदा, नसला तर नुसते आबा. मी त्यांना चाकणच्या मार्केटात एका आडत्याच्या गाळ्यापाशी सोडतो. तिथं रिकाम्या गोण्यांच्या थप्पीवर त्यांच्याच वयाचे आणखी तिघे बसलेले असतात. हे चौघे दुपारपर्यंत येणाऱ्या प्रत्येक कांद्याला नावं ठेवतात आणि दुसऱ्या फेरीत मी त्यांना उचलून घरी आणतो. याच्यासाठी आबा कोंबड्याच्या आधी उठतात. खरं तर आमचा कोंबडा त्यांच्या खोकल्यावर उठतो. धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, आणि मी चहा पीत असतानाच ते पुढच्या सीटवर जाऊन बसलेले असतात.

हे बसणं बघण्यासारखं असतं. दोन्ही गुडघे गेलेत. डावा हात दारावर, उजवा आतल्या दांडीला, डावा पाय पायरीवर, मग एक "हं!" आणि आबा आत. मदत चालत नाही. एकदा बायकोनं मागून नुसता दंडाला हात लावला, तर तीन दिवस तिच्या हातचा चहा प्यायले नाहीत. शेजाऱ्यांकडे जाऊन प्यायले. शेजाऱ्यांना वाटलं आमचा गॅस संपलाय, त्यांनी सिलिंडर पाठवून दिला.

तर मी चिंचवडला आमच्या मिस्त्रीकडे गेलो. हा मूळचा मराठवाड्यातला, पाट्यांच्या कामात याच्यासारखा माणूस नाही. गाडीखाली झोपून बोलतो, त्यामुळे त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही, चपला आठवतात.

"बसवतो की मालक," गाडीखालून आवाज आला. "पण एक सांगायलाव, ऐकून घ्या. रिकामी सपाट व्हईल. भरल्यावर नाक वर जाईल. तुमचे हेडलाईट झाडावरची घुबडं मोजत बसतील."

"मग बसवू का नको?"

"ते तुमी ठरवा. घरी जाऊन पुढची चाकं दोन इंची फळ्यांवर चढवून बघा. दोन दिस बसून-उतरून बघा. पटलं तर या."

सल्ला चांगला होता. संध्याकाळी मी गोठ्यातल्या दोन जाड फळ्या काढल्या, पुढची चाकं त्यांच्यावर चढवली आणि सीटवर जाऊन बसलो. काय सांगू! घसरणं बंद. पाठ मागं टेकली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा माझी पाठ त्या सीटला भेटली, दोघांनाही ओळख पटेना. मी इंजिन न लावता वीस मिनिटं नुसता बसून राहिलो. बायकोनं अंगणातून विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हटलं, "कुठंच नाही. पोचलोय." त्या क्षणी किट बसवायचं माझं ठरलं होतं.

गाडी मी तशीच फळ्यांवर राहू दिली. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

सकाळी मी मोरीत तोंड धूत होतो. मोरीच्या जाळीतून अंगण दिसतं. आबा धोतर सावरत गाडीपाशी आले. डावा हात दारावर, उजवा दांडीला, डावा पाय वर. पाय पायरीला पोचला नाही. तीन बोटं कमी पडली. त्यांनी पाय खाली घेतला आणि पायरीकडे बघितलं, जसं उसनं मागायला आलेल्या नातेवाईकाकडे बघतात तसं. मग अंगणात चारी दिशांना बघितलं. मोरीच्या जाळीकडेही बघितलं. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

दुसऱ्यांदा त्यांनी हातानं धोतर धरून पाय उचलून ठेवला. पाय पोचला. "हं!" झालं. पण गुडघ्यानं अंग वर ढकललं नाही. ते दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळले, एक पाय पायरीवर, एक हवेत, आणि मग हळूहळू, आवाज न करता, परत खाली आले. लगेच उपरण्यानं आरसा पुसायला लागले. जणू एवढ्यासाठीच आले होते.

आरसा लख्ख झाल्यावर ते गोठ्यात गेले आणि कांद्याचा प्लास्टिकचा क्रेट घेऊन आले. उपडा करून पायरीखाली ठेवला. त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता चढतील. पण त्यांना जे दिसत होतं ते मलाही तेवढ्यात दिसलं. इथं क्रेट आहे. मार्केटात उतरायला कुठं आहे, परत चढायला कुठं आहे? तिथं गोण्यांच्या थप्पीवर तिघे बसलेत आणि त्यांना आज कांद्यापेक्षा चांगला माल मिळणार. त्यांनी क्रेट पायानंच गोठ्याकडे सरकवला.

मी तोंड पुसत बाहेर आलो तोवर आबा पडवीत टोपी काढून बसले होते.

"चला," मी म्हटलं.

"तू जा. आज न्हाई यायचं मला."

"का?"

"पोट बरं न्हाई."

आतून बायको म्हणाली, "अहो मामा, आत्ता तर दोन भाकरी खाल्ल्या!"

"म्हनूनच बरं न्हाई," आबा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

ज्या वर्षी गावात अंगठ्याएवढ्या गारा पडल्या होत्या, त्या वर्षीही हा माणूस डोक्यावर घमेलं उपडं घालून बाजाराला गेला होता. मी गाडी फळ्यांवरून खाली घेतली आणि एकटा निघालो. मार्केटात त्या तिघांनी शेजारची सीट रिकामी बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी ओरडूनच सांगितलं, "बरे आहेत! पोट दुखतंय नुसतं!" एक जण म्हणाला, "त्याचं? त्यानं दगड पचवल्यात."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझी कंबर माझ्याआधी अर्धा तास पोचली असावी. आबा पडवीत होते.

"ते फळ्याचं कायमचं करनार हायस व्हय?"

"बघतोय. कंबर जाते ओ रिकाम्या गाडीत."

"आमी ह्याच बाजाराला बैलगाडी घेऊन जायचो," आबा म्हणाले. "गाडी कशी भरायची? धुरंवर थोडं वजन पायजे. बैलांच्या खांद्यावर थोडं बसलं पायजे. त्याला धुरजड म्हंत्यात. मागं वजन ग्येलं की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. ती उलाळ गाडी. धुरजड गाडी घरी येती. उलाळ गाडीचं काय खरं न्हाई."

"पिकअपला बैल कुठंयत, आबा?"

"मग तू कोन हायस?"

ते पुढं म्हणाले, "उलाळ व्हाया लागली की एका मानसाला म्होरं धुरंवर बसवायचे, वजनाला. मी लई बसलोय." पायरीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

तुम्हाला वाटेल, मी लगेच किटचा नाद सोडला. मुळीच नाही. मला राग आला होता. त्या रागाला कुठं जायला जागा नव्हती म्हणून तो कंबरेत जाऊन बसला. त्यांची आठवड्यातली एक सकाळ, आणि माझे सगळे दिवस. वय माझंही होत चाललंय. मला कुणी विचारतं का, की बाबा तुझा पाय पोचतो का? चार दिवस मी रिकाम्या गाडीत घसरत घसरत हाच हिशेब घातला आणि प्रत्येक वेळी उत्तर माझ्याच बाजूनं आलं. मग घरी येऊन बघायचो, तर आबा पडवीत. पुढच्या बाजाराला पोटाचं काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत असल्यासारखे.

मिस्त्रीला जाऊन विचारलं, किट बसवून पायरी खाली वेल्डिंग करून देशील का?

"देतो की. म्हातारं माणूस हाय का घरात?"

बस्स. त्याला गाडीखाली झोपून जे कळलं, ते आबांना बसून कळणार नव्हतं का? म्हाताऱ्यासाठी लावलेल्या पायरीवर आमच्या आबांनी जन्मात पाय ठेवला नसता. खिडकीतून आत गेले असते.

मी चहा मागवला. त्यात अर्धा तास घालवला. मग म्हटलं, "पुढं उचलू नको. मागं उतरव. एकेक पाटा काढ."

गाडीखालून पहिल्यांदा मिस्त्रीचं डोकं बाहेर आलं. "मालक, पंधरा वर्षं झाली मला हितं. लोक पाटे घालायलेत, घालायलेत, घालतच ऱ्हायलेत. काढायला आलेले तुमी पहिलेच."

"फोटो काढून लाव दुकानात."

"बिन मग पाचच बसतील बघा. सहावा टाकला तर परत टायरला लागंल."

ते मला माहीत होतं. एक बिन कमी म्हणजे तीन फेऱ्यांच्या ऐवजी कधी कधी चार. चौथी फेरी म्हणजे तोच चौक, तेच कोंब. पाटा काढल्यावर रिकाम्या गाडीचं नाक इंचभर सुधारलं, बस. कंबर अर्धी सुटली, आणि जी सुटली नाही तिला एक फेरी जादा मिळाली. काढलेले दोन पाटे मी घरी आणले, गोठ्याच्या भिंतीला उभे केले.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम मोरीत वेळ लावला. बाहेर डावा हात दारावर गेला असणार, उजवा दांडीला. मी जाळीकडे पाठ करून उभा राहिलो. "हं!" ऐकू आलं. मग दार लागल्याचा आवाज, एवढ्या जोरात की कोंबडा उडाला.

मोशीपर्यंत आबांनी दोनदा मान वळवून मागं बघितलं. मग म्हणाले, "मागून गाडी खाली आल्यासारखी वाटतीया."

"पाटा काढला. मोडला होता."

"व्हय?"

"व्हय."

"गोठ्याच्या भिंतीला दोन हायत. दोन्ही धड हायत."

मी आरशात बघून हॉर्न वाजवला. पुढं कुणी नव्हतं.

"मोडला म्हंतोस तर मोडला," आबा म्हणाले, आणि काच खाली करून बाहेर थुंकले.

मेव्हणा पुढच्या रविवारी आला. उतरायला त्याला स्वतःच्या गाडीतून उडीच मारावी लागते. माझी गाडी बघून कपाळाला हात लावला. "दाजी! किट कुठंय?"

आबा पडवीत होते. बायको भजी तळत होती. खरं सांगायची सोय नव्हती, आणि तसंही मला खऱ्याची फार सवय नाही.

"बसवलं होतं पाव्हणं," मी म्हटलं. "काढावं लागलं. मिस्त्रीनं दोनाच्या जागी चार इंच टाकलं. कंपनीत माल टाकला आणि रिकामी गाडी घेऊन निघालो. नाक जे वर गेलं ते खाली येईचना. मला रस्ता दिसेना, नुसतं आभाळ. मोशीच्या मोकळ्या माळावर आलो, समोरून वारा सुटला, आणि पुढची चाकं सुटली की रे जमिनीवरून! मी ब्रेक दाबतोय, पण हवेत ब्रेक कशाला लागणार?"

"काय राव दाजी, काहीही!"

"तुझ्या बहिणीची शपथ."

"माझ्या शपथा नका घेऊ!" आतून बायको ओरडली.

"मग? खाली कसे आलात?" मेव्हणा हसत होता, पण भजं तोंडापाशी थांबलं होतं.

मला पुढचं सुचेना. आठवडाभराचा थकवा होता, आदल्या दिवशी चार फेऱ्या झाल्या होत्या, आणि चौथ्या फेरीचा माणूस खोटंही धड बोलू शकत नाही. मी भज्याकडे हात नेऊन वेळ काढत होतो, तेवढ्यात पडवीतून आवाज आला.

"मी हुतो ना आत."

आम्ही दोघांनी वळून बघितलं. आबा कांदा निवडत होते, मान वर न करता.

"पुढच्या शिटावर हुतो. गाडी उलाळ झाली म्हनल्यावर मी सरकलो म्होरं, बोनेटच्या अंगाला, आन् दिलं वजन." त्यांनी एक सडका कांदा बाजूला टाकला. "आली मग खाली."

मेव्हणा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. आबांचं वजन चपला धरून पंचेचाळीस किलो भरेल. "मामा, तुम्ही?"

"मग कोन, तू? तुला किट लागतं."

बायको आतून एवढ्या जोरात हसली की झाऱ्यातलं भजं परत कढईत पडलं. मी उठलो. कंपनीनं रविवारची एक फेरी ठेवली होती, पाच बिनांची. उठताना कंबरेतून जो आवाज आला तो मेव्हण्यानंही ऐकला. मी वाकूनच गाडीकडे चाललो, आणि मागून आबा म्हणाले, "थांब. मी बी येतो. रिकामी आनशील परत, वारा हाय आज."